सर्व्हरला तू कोण दिसतेस?

नेटवर्कवरच्या शेअरबद्दल कुणीही तक्रार घेऊन आलं, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘परमिशन डिनाइड येतंय हो!’ त्याच्या मागे उभा असलेला दुसरा कुणीतरी लगेच उपायही सांगून मोकळा होतो: ‘ट्रिपल सेव्हन मारून टाका ना.’ या दुसऱ्या माणसाचं कधी ऐकू नकोस. सगळ्यांना सगळं खुलं केलं की तक्रार थांबते, पण बिघाड होता तिथेच राहतो, आणि वर कुणाचंही काम कुणीही पुसू शकतं.

लॅबचा हा सर्व्हर आता तुझ्याकडे येतोय. मशीनची यादी आणि आयपीचे पत्ते फायलीत आहेत, ते तू वाचशीलच. मी सांगणार आहे ते त्या फायलीत नाही. आणि सगळ्यात फिरून फिरून एकच प्रश्न येईल: सर्व्हरला समोर कोण दिसतंय? तुला स्वतःला काय वाटतं किंवा तुझ्या स्क्रीनवर काय दिसतं, याला तिथे किंमत नाही.

१. नाव राहू दे, नंबर बघ

एनएफएस १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्माला आलं. नेहमीच्या साध्या पद्धतीत, म्हणजे ‘सेक=सिस’मध्ये, क्लायंट सर्व्हरला तुझं नाव सांगतच नाही. तो तुझा यूआयडी, तुझा मुख्य जीआयडी आणि बाकीच्या ग्रुपांचे नंबर पाठवतो. सर्व्हर ते खरे मानतो. पासवर्ड विचारत नाही, खात्री करत नाही.

‘एलएस -एल’ केल्यावर जे नाव दिसतं, ते तुझ्याच मशीनने स्वतःच्या यादीतून शोधून लावलेलं असतं. दारावरची पाटी आणि सातबारा यांत जो फरक, तोच इथे नाव आणि नंबर यांत. पाटीवर काहीही रंगवता येतं. मालकी उताऱ्यावर ठरते. म्हणून पहिल्या दिवसापासून ‘एलएस -एलएन’ची सवय लाव. त्यात नावं गळतात, नुसते नंबर उरतात.

आपल्याकडचंच उदाहरण घे. मॅकवर पहिला माणूस ५०१ नंबरचा असतो. रेड हॅटच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत माणसांचे नंबर ५०० पासून सुरू होत, सातव्यापासून ते १००० झाले. उबंटूवर पहिल्यापासून १०००. आता समज, मॅडमचा लॅपटॉप मॅक आहे आणि कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युट मशीनवर दुसरं खातं प्रोजेक्ट असिस्टंटचं आहे. दोघांचाही नंबर ५०१. मॅडमनी शेअरवर पेपरचा मसुदा ठेवला, की जुन्या मशीनवर तो असिस्टंटच्या नावाने दिसणार. नुसता दिसणार नाही, त्याला तो बदलताही येणार. कुणी काही हॅक केलेलं नाही. सर्व्हरच्या लेखी ती दोन माणसं एकच आहेत.

आणखी एक खूण सांगून ठेवते. मॅकवर लोकांचा मुख्य ग्रुप ‘स्टाफ’, त्याचा नंबर २०. उबंटूवर २० नंबरचा ग्रुप म्हणजे ‘डायलआउट’. शेअरवरच्या फाइलचा ग्रुप ‘डायलआउट’ दिसला, तर मोडेम शोधत बसू नकोस. फाइल मॅकवरून आलेली आहे.

२. नंबर एकाच हाताने वाट

प्रत्येक मशीनवर वेगवेगळं ‘युजरॲड’ करत गेलीस, की नंबरांचा गोंधळ ठरलेलाच. दहा-पंधरा मशीनच्या पुढे गेलीस तर एलडॅप किंवा फ्रीआयपीए बसव आणि मशीनवर एसएसएसडी लाव, म्हणजे सगळीकडे एकाच ठिकाणचे नंबर येतील. मशीन थोडी असतील तर साधं स्प्रेडशीटही चालतं, पण ते एकच असावं आणि एकाच माणसाने भरावं.

माणसांचे नंबर १००० पासून सुरू करू नकोस. ते प्रत्येक इन्स्टॉलर स्वतःहून वाटत असतो, त्यामुळे टक्कर होणारच. आपल्या यादीत माणसं २०००१ पासून आणि प्रोजेक्टचे ग्रुप ३०००१ पासून आहेत. कारण एवढंच, की नंबर बघताक्षणी कळावं, हा आपला की कुठल्या लोकल खात्याचा.

आणि एकदा दिलेला नंबर परत कुणाला देऊ नकोस. ‘युजरॲड’ सहसा सगळ्यांत मोठ्या नंबरच्या पुढचा नंबर देतं. शेवटी आलेला मुलगा सोडून गेला, तू त्याचं खातं पुसलंस आणि सोमवारी नवीन मुलगी आली, तर तिला तोच नंबर मिळेल. सोबत त्याच्या शेअरवर राहिलेल्या सगळ्या फाइलीही. जाणाऱ्याचं खातं बंद कर, पुसू नकोस.

३. संदेश शब्द न् शब्द वाच

लोक सगळ्यालाच ‘परमिशन नाही’ म्हणतात. मशीन मात्र वेगवेगळं बोलतं, आणि त्यात निम्मं निदान असतं.

‘परमिशन डिनाइड’ म्हणजे दारात अडवलं: परवानगीचे बिट, एसीएल किंवा सर्व्हरचा नकार. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणजे हे काम करण्याचा तुझा हक्कच नाही. मालक नसताना ‘चमॉड’ केलंस किंवा रूट नसताना ‘चोन’ केलंस की हे येतं. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ आलं तर फाइलीच्या परवानग्यांकडे बघूच नकोस. एक्सपोर्ट किंवा माउंट वाचण्यापुरतं आहे. ‘स्टेल फाइल हँडल’चा परवानगीशी संबंधच नाही, ज्या फाइलीला किंवा फोल्डरला तू धरून बसलीस, ते सर्व्हरवर उरलेलं नाही.

मग क्रमाने जा. तक्रार करणाऱ्याच्याच मशीनवर, त्याच्याच खात्यातून ‘आयडी’. मग अडलेल्या फाइलीच्या पूर्ण पत्त्यावर ‘नेमआय -एल’. ते मुळापासून प्रत्येक फोल्डरची परवानगी ओळीने दाखवतं. फाइल ठणठणीत असते आणि तीन पायऱ्या वरच्या एखाद्या फोल्डरवरचा ‘एक्स’ गेलेला असतो, असं फार वेळा निघतं. मग सर्व्हरवर ‘एक्सपोर्टएफएस -व्ही’. शेवटी शेअरवर त्या माणसाला एक रिकामी फाइल बनवायला सांग आणि सर्व्हरवर जाऊन तिचा नंबर बघ. सर्व्हरला कोण दिसतंय, याचं याहून सरळ उत्तर नाही.

सर्व्हरवर परवानगी बदलल्यावर क्लायंटवर लगेच दिसली नाही, तर पुन्हा पुन्हा बदलत बसू नकोस. लिनक्सचा क्लायंट फाइलची माहिती स्वतःजवळ साठवतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये ती ६० सेकंदांपर्यंत जुनी असू शकते. मिनिटभर थांब, मग बोल.

४. रूटचा तोरा घरापुरता

आपल्या मशीनवर रूट म्हणजे सर्वेसर्वा. शेअरवर गेला की तो कुणीच नाही. ‘रूट_स्क्वॉश’ मुळातच चालू असतं: क्लायंटकडून शून्य नंबर आला, की सर्व्हर त्याला ६५५३४ करून टाकतो, म्हणजे ‘नोबडी’. म्हणून ‘सुडो’ लावल्यावर उलट परिस्थिती बिघडते. तुझी स्वतःची ७०० परवानगीची फाइल तुला उघडते आणि ‘सुडो’ने उघडत नाही. नवीन मुलांना हे पटतच नाही; एकदा त्यांच्यासमोर करून दाखव.

यातूनच रात्रीच्या बॅकअपचं दुखणं येतं. क्लायंटवर रूटच्या नावाने चालणारी स्क्रिप्ट लोकांच्या होम फोल्डरमध्ये शिरूच शकत नाही. लॉगमध्ये चार ओळी पडतात, त्या कुणी वाचत नाही, आणि बॅकअप ‘झाला’ अशी मेल येते. शेअरचा बॅकअप सर्व्हरवरूनच घे. मालकी बदलायची असेल तरी सर्व्हरवर जाऊनच ‘चोन’ कर.

कुणीतरी म्हणेल, ‘नो_रूट_स्क्वॉश’ टाका, प्रश्न मिटेल. रोगापेक्षा इलाज भयंकर. मग ज्या मशीनला तो हक्क दिलास, तिथल्या रूटला शेअरवर रूटच्या मालकीचा सेटयूआयडी प्रोग्रॅम ठेवता येतो, आणि दुसऱ्या मशीनवर साधा युजर तो चालवून रूट होऊ शकतो. म्हणून आपल्या सगळ्या माउंटवर ‘नोसुइड’ आणि ‘नोडेव्ह’ आहे. ते काढू नकोस.

पण रूट_स्क्वॉशवर भाबडा विश्वासही नको. ते फक्त शून्य नंबर अडवतं. क्लायंटवरचा रूट ‘एसयू’ करून कुणाचाही नंबर घेऊ शकतो, आणि मग सर्व्हरला तोच माणूस दिसतो. म्हणजे ज्याच्या लॅपटॉपचं रूट त्याच्याच हातात आहे, त्या लॅपटॉपला साधा एनएफएस एक्सपोर्ट द्यायचाच नाही. त्याला एसएफटीपी दे, सांबा दे, किंवा केर्बेरॉस लाव. जिथली रूटची चावी आपल्याकडे आहे, त्याच मशीनवर ‘सेक=सिस’ शोभतं.

५. एक्सपोर्टच्या ओळीत स्पेस जपून

‘/डेटा लॅब१(आरडब्ल्यू)’ म्हणजे लॅब१ या मशीनला लिहिण्याचा हक्क. ‘लॅब१’ आणि कंसाच्या मध्ये चुकून एक स्पेस पडली, की अर्थ होतो: लॅब१ला नेहमीचे हक्क, आणि बाकी सगळ्या जगाला लिहिण्याचा हक्क. एक्सपोर्टच्या फाइलीला हात लावलास की ‘एक्सपोर्टएफएस -आरए’ करून ‘एक्सपोर्टएफएस -व्ही’ची यादी डोळ्यांखालून घाल. तिथे ‘वर्ल्ड’ दिसलं, तर चहा नंतर.

६. सामायिक फोल्डरची घडी आधी बसव

सगळ्यात जास्त वेळ इथे जाईल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रोजेक्टमधल्या पाच जणांना एकाच फोल्डरमध्ये काम करायचंय. प्रोजेक्टचा एक ग्रुप कर, पाच जणांना त्यात घाल. फोल्डरचा ग्रुप तो ठेव आणि परवानगी २७७० दे. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी: आत जे काही नवीन बनेल, त्याला फोल्डरचाच ग्रुप मिळतो, आणि आतल्या नव्या फोल्डरांनाही तीच खूण लागते. तो नसेल तर प्रत्येकाची फाइल ज्याच्या त्याच्या मुख्य ग्रुपमध्ये जाते आणि शेजारच्याला त्यात लिहिता येत नाही.

एवढ्याने भागत नाही. लोकांचा यूमास्क ०२२ असला, तर नव्या फाइलीवर ग्रुपला फक्त वाचता येतं. तो ००२ करावा लागतो. आता खरी मेख अशी, की ००२ तेव्हाच सुरक्षित असतो, जेव्हा प्रत्येकाचा मुख्य ग्रुप त्याच्या एकट्याचाच असतो. सगळ्यांचा मुख्य ग्रुप ‘युजर्स’ असेल, तर ००२ केल्यावर प्रत्येकाच्या होममधल्या नव्या फाइली सगळ्यांना लिहायला मोकळ्या होतात. आधी ग्रुप बघ, मग यूमास्क बदल.

तिसरी गोष्ट ‘एमव्ही’ आणि ‘सीपी’. त्याच शेअरवर बाहेरून आत ‘एमव्ही’ केलेली फाइल आपला जुना ग्रुप आणि जुनी परवानगी घेऊनच येते. साधं ‘सीपी’ केलं तर नवी फाइल बनते आणि फोल्डरचा ग्रुप घेते. ‘कालपर्यंत चालत होतं, आजची एकच फाइल उघडत नाही’ अशी तक्रार आली की आधी विचार: ‘ही ओढून आणली होतीस का?’

यूमास्कवर सगळ्यांचं एकमत होणार नाही असं दिसलं, तर डिफॉल्ट एसीएल लाव. ती असली की नव्या फाइलीला यूमास्क लागू होत नाही. फक्त ती सर्व्हरवर बसून लाव. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीच्या माउंटवर नेहमीचं ‘सेटएफएसीएल’ चालतच नाही. ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ म्हणतं. शिवाय ४.० आणि ४.१ मध्ये यूमास्कची कात्री क्लायंटवरच चालते, त्यामुळे एसीएल लावूनही ग्रुपचा लिहिण्याचा हक्क उडतो. शक्य तिथे ४.२ वापर.

बिघडलेलं फोल्डर दुरुस्त करताना सरसकट ‘चमॉड -आर ७७०’ करू नकोस. त्याने प्रत्येक टेक्स्ट फाइल चालवण्याजोगा प्रोग्रॅम होऊन बसते. ‘जी+आरडब्ल्यू’ला मोठा ‘एक्स’ जोड. मोठा एक्स फोल्डरांना आणि आधीपासून चालवता येणाऱ्या फाइलींनाच लागतो. मग ‘फाइंड’ने फक्त फोल्डर वेचून त्यांना सेटजीआयडी लाव. आणि सुरू करण्याआधी ‘गेटएफएसीएल -आर’चं आउटपुट एका फाइलीत ठेव. हात घसरला तर ‘सेटएफएसीएल’च्या ‘रिस्टोअर’ने जसंच्या तसं परत येतं.

आता पुसण्याबद्दल. फाइल पुसण्याचा हक्क फाइलीवर नसतो, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर असतो. ‘मी फाइल रीड-ओन्ली केली होती, तरी कुणी पुसली?’ ही तक्रार म्हणूनच येते. ज्यांना फोल्डरमध्ये लिहिता येतं, ते सगळे तिथल्या फाइली पुसू शकतात. एकमेकांच्या फाइलींना हात लागायला नको असेल, तर फोल्डरवर स्टिकी बिट लाव. मग फाइलीचा मालक, फोल्डरचा मालक किंवा रूटच पुसू शकतो. सेटजीआयडी आणि स्टिकी दोन्ही हवे असतील, तर पुढचा आकडा ३.

७. सोळाच्या पुढचे ग्रुप गळतात

एखाद्या सीनियर माणसाला सगळी फोल्डर उघडतात, एकच उघडत नाही. ‘आयडी’मध्ये तो ग्रुप स्पष्ट दिसतो. सर्व्हरवर सगळं बरोबर आहे. तू डोकं धरून बसशील. तेव्हा त्याचे ग्रुप मोज.

‘सेक=सिस’च्या विनंतीत मुख्य ग्रुप सोडून जास्तीत जास्त १६ नंबर मावतात. सतराव्याला जागा नाही, आणि कुणी तसं सांगतही नाही. उपाय सर्व्हरवर आहे: ‘माउंटडी’ला ‘मॅनेज-जीआयडीज’ सांग. मग क्लायंटने पाठवलेली यादी बाजूला ठेवून सर्व्हर त्या यूआयडीचे ग्रुप स्वतः शोधतो. त्यासाठी ती माणसं आणि ते ग्रुप सर्व्हरला ठाऊक असायला हवेत, म्हणजे पुन्हा दुसऱ्या मुद्द्याकडे आलो.

ग्रुपचीच आणखी दोन पथ्यं. माणसाला ग्रुपमध्ये घालताना ‘युजरमॉड -एजी’ असं लिही. ‘ए’ विसरलीस, तर त्याचे बाकीचे सगळे जास्तीचे ग्रुप जातात आणि हा एकटा उरतो. आणि घातल्यावर त्याला लॉगआउट करून परत यायला सांग. चालू सेशनला नवा ग्रुप कळत नाही.

८. सगळं ‘नोबडी’चं दिसलं तर

चौथ्या आवृत्तीत फाइलीचा मालक नंबराऐवजी ‘नाव@डोमेन’ असा मजकूर म्हणून येऊ शकतो. दोन्हीकडच्या ‘आयडीमॅपडी’च्या फाइलीत डोमेन वेगळं असलं, की क्लायंटला नाव उलगडत नाही आणि तो सगळ्यावर ‘नोबडी’चा शिक्का मारतो. लोकांना वाटतं, मालकी पुसली गेली. काही पुसलेलं नसतं. सर्व्हरवर ‘एलएस -एलएन’ कर, तिथे नंबर जागेवर असतील. डोमेन जुळव, क्लायंटवर ‘एनएफएसआयडीमॅप -सी’ने साठवलेली माहिती साफ कर.

इथे एक चकवा आहे. ‘सेक=सिस’ असेल, तर नावांचं हे भाषांतर फक्त दाखवण्यापुरतं आणि ‘चोन’पुरतं. आत सोडायचं की नाही, हे तेव्हाही नंबरावरच ठरतं. म्हणून नावं बिनचूक दिसत असताना दार बंद असू शकतं, आणि सगळीकडे ‘नोबडी’ दिसत असताना लोक खुशाल लिहीत असतात. सर्व्हरवरसुद्धा फाइल खरोखर ६५५३४ची असेल, तर मात्र ते स्क्वॉशिंगचं काम. एक्सपोर्टच्या ओळीत ‘ऑल_स्क्वॉश’ कुणी टाकलंय का बघ.

९. कंटेनरमधला माणूस वेगळा

डेबियनच्या इमेजमध्ये वेबसर्व्हरचा ‘www-डेटा’ ३३ नंबरचा, अल्पाइनमध्ये ८२. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये डेबियनवर ९९९, अल्पाइनवर ७०. नाव तेच, इमेज बदलली की नंबर बदलला. काल चालणारा डेटाबेस आज इमेज ‘हलकी’ केल्यावर स्वतःचाच डेटा वाचत नाही, तो यामुळे.

शिवाय बऱ्याच इमेज सुरू होताना रूट म्हणून डेटाच्या फोल्डरवर ‘चोन’ चालवतात. शेअरवर रूट_स्क्वॉश त्याला अडवतं आणि कंटेनर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणत पडतो. इथेही मोह होईल स्क्वॉश काढण्याचा. त्याऐवजी सर्व्हरवर फोल्डर आधीच योग्य नंबराच्या मालकीचं कर आणि कंटेनर त्याच नंबराने चालव. फोल्डर एकाच कामासाठी असेल, तर त्याचा वेगळा एक्सपोर्ट करून ‘ऑल_स्क्वॉश’सोबत ‘ॲननयूआयडी’ आणि ‘ॲननजीआयडी’ दे. मग कुणीही लिहिलं तरी मालक एकच राहतो.

१०. विंडोज शेअरची तऱ्हा वेगळी

सिफ्सचं माउंट लिनक्सवर केलं, की मालक आणि परवानगी जी दिसते, ती सहसा माउंटच्या ‘यूआयडी’, ‘जीआयडी’, ‘फाइल_मोड’ आणि ‘डिर_मोड’ या पर्यायांतून आलेली असते. तिथे ‘चोन’ करत बसण्यात अर्थ नाही. माउंट करताना ज्याचा पासवर्ड दिला, सर्व्हरला सगळे तोच दिसतात. प्रत्येकाला स्वतःच्या नावाने जायचं असेल, तर ‘मल्टियुजर’ लागतं. पासवर्ड एफएसटॅबमध्ये लिहू नकोस, ती फाइल सगळे वाचतात. क्रेडेन्शियलची वेगळी फाइल कर, रूटची, ६०० परवानगीची.

११. हलवाहलव करताना नंबर धरून ठेव

नव्या डिस्कवर शेअर नेताना ‘आरसिंक’ला ‘--न्यूमेरिक-आयडीज’ आणि ‘टार’ला ‘--न्यूमेरिक-ओनर’ सांगायला विसरू नकोस. नाहीतर रूटने चालवल्यावर ते नावं जुळवायला जातात, आणि पलीकडच्या मशीनवर त्या नावाचा नंबर वेगळा असला तर मालकीही बदलते. एसीएल हव्या असतील, तर ‘आरसिंक’ला मोठा ‘ए’ वेगळा द्यावा लागतो. नेहमीच्या ‘-ए’मध्ये त्या येत नाहीत.

कुणाचा नंबर बदलायची वेळ आली, तर ‘युजरमॉड -यू’वर विसंबू नकोस. ते त्याच्या होममधल्या फाइलीच बदलतं. शेअरवरच्या तुला सर्व्हरवर ‘फाइंड’ने जुन्या नंबरावरून वेचून बदलायच्या आहेत, ‘चोन’ला ‘-एच’ लावून, म्हणजे सिंबॉलिक लिंकच्या टोकाची फाइल बदलली जाणार नाही. अनेकांचे नंबर बदलायचे असतील, तर आधी सगळ्यांना रिकाम्या रेंजमध्ये ने, मग नव्या जागी आण. थेट अदलाबदल केलीस, तर मधल्या टप्प्यावर दोघांच्या फाइली एका नंबरात मिसळतील, आणि मिसळलेल्या परत वेगळ्या करता येत नाहीत.

१२. माउंट नसतानाचं फोल्डर

सर्व्हर बंद असताना मशीन चालू झालं, की माउंटच्या जागी साधं रिकामं फोल्डर उरतं. स्क्रिप्ट बिचारी त्यातच लिहीत बसते, लोकल डिस्क भरते, आणि नंतर माउंट झालं की ते सगळं त्याच्याखाली झाकलं जातं. नवं मशीन लावताना माउंट करण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरवर ‘चॅटर +आय’ कर. मग रूटलाही तिथे लिहिता येत नाही, आणि चूक जागच्या जागी बोंब मारते.

१३. बिट बरोबर, तरी नकार

सगळे आकडे जुळतात आणि तरीही दार बंद असेल, तर दोन जागा बघ. पहिली एसईलिनक्स. वेबसर्व्हरला एनएफएसवरच्या फाइली द्यायच्या तर ‘एचटीटीपीडी_यूज_एनएफएस’ चालू करावं लागतं, होम फोल्डर एनएफएसवर असतील तर ‘यूज_एनएफएस_होम_डिर्स’. ऑडिटच्या लॉगमध्ये नकार लिहिलेला असतो. तो वाच, एसईलिनक्सच बंद करून मोकळी होऊ नकोस.

दुसरी केर्बेरॉस, जिथे आपण ते लावलंय. तिथे सर्व्हर नंबरावर विश्वास ठेवत नाही, तिकीट मागतो. तिकीट संपलं की माणूस त्याच खुर्चीत बसलेला असूनही अनोळखी होतो. दोन मशीनच्या घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला, की नेहमीच्या सेटिंगमध्ये तिकीट नाकारलं जातं. रात्रीच्या क्रॉनकडे तिकीट नसतं, त्याला कीटॅब द्यावी लागते. आणि होम केर्बेरॉसवर असेल, तर एसएसएचच्या चावीने लॉगइन अडतं, कारण चावीची यादी त्याच होममध्ये असते आणि ती वाचायला तिकीट लागतं.

१४. सवलतीला तारीख लाव

वर्षभरात तुझ्याकडे असंख्य ‘एवढ्यापुरतं’ येईल. डेडलाइन आहे म्हणून एका फोल्डरला सगळ्यांचा वाचण्याचा हक्क, परीक्षकांसाठी एक तात्पुरतं खातं, इन्स्टॉलेशनपुरता एका मशीनला नो_रूट_स्क्वॉश. नाही म्हणण्यासारखं कारण दर वेळी नसतंच. दे, पण देतानाच यादीत चार गोष्टी लिही: कुणी मागितलं, कशासाठी, नेमकं काय बदललं, कुठल्या तारखेपर्यंत. त्याच यादीसोबत दर तिमाहीला सर्व्हरवर ‘फाइंड’ला ‘-नोयुजर’ आणि ‘-नोग्रुप’ लावून बेवारस फाइली शोध, आणि ट्रिपल सेव्हन फोल्डरही वेच.

तारीख उलटली की विचारत बसू नकोस, काढून टाक. गरज असलेला माणूस अर्ध्या तासात तुझ्या टेबलापाशी येईल आणि त्याला ते पाच मिनिटांत परत देता येईल. जो आलाच नाही, त्याला त्या हक्काची गरज संपली होती, आणि तो हक्क उद्या भलत्याच्याच हातात पडायचा राहिला.